पोरगं जिममध्ये घाम गाळतंय, मग काळजी कसली? पुरुषांच्या ‘बॉडी’च्या चिंतेबद्दल जे बोललं जात नाही

मराठीत बारीक पोराला चिडवायला शब्दांची कमी नाही. काडीपैलवान, लुकडा, हाडकुळा, किडमिडीत, पाप्याचं पितर. अंगानं भरलेला असेल तर ढोल्या, ढेरपोट्या, भोपळ्या. हे शब्द बाहेरच्यांच्या आधी घरातलेच वापरतात. लग्नाच्या पंगतीत मामा पाठीवर थाप मारून म्हणतो, ‘‘काय रे, आई जेवायला घालत नाही का?’’ सगळे हसतात, पोरगंही हसतं. मुलीला असं बोललं तर आता निदान कुणीतरी अडवतं. मुलाच्या बाबतीत मात्र तो मनाला लावून घेणार नाही असं धरूनच चालतात.

तो लावून घेतो. फक्त सांगत नाही. आणि त्यानं लावून घेतलंय हे कळतही नाही, कारण मुलगी जेवण सोडून खोलीत बसली तर घर काळजीत पडतं, पण मुलगा पहाटे पाचला उठून व्यायामाला जायला लागला, गोड सोडलं, चपात्या मोजायला लागला, तर घर खूश होतं. ‘‘सुधारला बघा.’’ पुरुषांमधल्या या त्रासाची खरी गोम हीच आहे. तो आजारासारखा दिसतच नाही, मेहनतीसारखा दिसतो.

अंगाकडे बघणारे तिघे

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवरा घ्या. (नाशिकजवळच्या लष्करी छावणीचं देवळाली वेगळं, दोन्हींची गल्लत नेहमी होते.) उसाच्या पट्ट्यातलं, नगरपरिषद असलेलं गाव. शेजारी राहुरी फॅक्टरी, तालुक्यातच महात्मा फुले कृषी विद्यापीठ. अशा गावात वाढणाऱ्या विशीतल्या मुलाच्या अंगाकडे तीन नजरा लागलेल्या असतात. एक तालमीतल्या वस्तादाची, दुसरी भरतीच्या मैदानावर टेप घेऊन उभ्या असलेल्या पोलिसाची आणि तिसरी मोबाइलची. पूर्वी पहिली एकच होती. तिन्हींची मापं वेगवेगळी आहेत, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तालमीचं माप ताकदीचं होतं. किती जोर मारतोस, किती बैठका काढतोस, समोरच्याला किती वेळात चितपट करतोस. कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं तेव्हापासून महाराष्ट्रानं कित्येक मल्ल डोक्यावर घेतले. त्यातल्या अनेकांच्या पोटावर आजच्या भाषेतले ‘ॲब्स’ नव्हते आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दूध, तूप, बदाम, मटण असा खुराक आणि त्याला शोभेल असं भरीव अंग. २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा अहिल्यानगरलाच झाली, पृथ्वीराज मोहोळनं गदा जिंकली. तिथले गादी आणि मातीवरचे पैलवान आठवून बघा. इन्स्टाग्रामच्या मापानं त्यातल्या कित्येकांना ‘थोडं कटिंग कर’ असा सल्ला मिळाला असता.

उलट टोकाचं उदाहरण खाशाबा जाधवांचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सत्तावन्न किलो! आज एखाद्या जिममध्ये सत्तावन्न किलोचा मुलगा गेला तर पहिलं वाक्य ऐकेल, ‘‘आधी वजन वाढव.’’

म्हणून तालमीचे दिवस सोन्याचे होते असं समजायचं कारण नाही. वजनगट आले तसं तिथेही शरीराचे हाल सुरू झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतला कांस्यपदकाच्या कुस्तीसाठी एका रात्रीत सुमारे ४.६ किलो वजन उतरवावं लागलं. गट पुन्हा तोच, ५७ किलो. खेळाडूमागे डॉक्टर, प्रशिक्षक आणि एक ठरलेला दिवस असतो. त्याचे व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करणाऱ्याच्या मागे कुणी नसतं.

७९ सेंटिमीटर

दुसरं माप सरकारी आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते, छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर त्यात किमान ५ सेंटिमीटरची भर. मग मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक.

ग्रामीण महाराष्ट्रात पुरुषाच्या शरीराबद्दल बोलायचं आणि हे आकडे सोडायचे, तर ते बोलणं अर्धवटच राहील. शहरातला मुलगा छातीचा विचार फोटोसाठी करत असेल, इथे नोकरीसाठी करावा लागतो. शेती तुटपुंजी, लग्न नोकरीवर अडलेलं, आणि सगळं एका टेपवर. छाती दोन सेंटिमीटरनं कमी भरली तर दोन वर्षांची तयारी वाया. अशा मुलाला ‘स्वतःच्या शरीरावर प्रेम कर’ असं सांगणं म्हणजे थट्टाच आहे. त्याची चिंता मनाचा खेळ नाही, व्यवहार आहे.

पण म्हणूनच याच मुलांच्या भोवती विकणारे जमतात. उंची वाढवण्याच्या पावडरी हा त्यातला सगळ्यात सरळ गंडा. हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो, तो तारुण्यात बंद होतो. मुलांमध्ये साधारण अठरा-वीसपर्यंत ते काम संपलेलं असतं. त्यानंतर कुठलीही पावडर, लटकण्याचा व्यायाम किंवा गोळी हाड लांब करत नाही. छातीचं तसं नाही. दंड-बैठका, पळणं, पोहणं आणि पोटभर जेवण यांनी काही महिन्यांत फरक पडू शकतो. फुगवल्यावरचे पाच सेंटिमीटर तर बऱ्याच अंशी श्वासाच्या सरावाचे आहेत.

तिसरी नजर

मोबाइलच्या आधी सिनेमा होता. १९९८ मध्ये सलमान खान शर्टाशिवाय गाणं म्हणाला, २००७ मध्ये शाहरुखनं ‘ओम शांती ओम’मध्ये सिक्स पॅक दाखवले, पुढच्या वर्षी आमिरचा ‘गजनी’ आला. गावोगावच्या सलूनमध्ये भिंतीवरची चित्रं बदलली. तरीही नट हा नट होता, आपल्यातला नव्हता. रील्सनी ते अंतर पुसलं. आता शेजारच्या गावातला, आपल्याच कॉलेजातला कुणी ‘९० दिवसांत बदल’ टाकतो, आणि मग प्रश्न थेट आपल्यावर येतो. त्याला जमलं, मला का नाही?

पडद्यावर दिसणारी पोटाची ती रेघ कशी येते, हेही सांगितलं पाहिजे. पोटाचे स्नायू सगळ्यांनाच असतात, त्यावर चरबीचा थर असतो. ते उठून दिसायला शरीरातली चरबी बरीच कमी, साधारण दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आणावी लागते. त्यातही त्या स्नायूंची ठेवण जन्मजात असते, कुणाचे सहा दिसतात, कुणाचे चारच. शूटिंगच्या किंवा बॉडीबिल्डिंगच्या स्टेजच्या दिवशी पाणी आणि मीठ कमी-जास्त करून कातडी अजून ताणलेली दिसेल असं केलं जातं. वर प्रकाशयोजना आणि तेल. म्हणजे ते शरीर त्या नटाचंही रोजचं नसतं, त्या दिवसापुरतं असतं.

अमेरिकेत हॅरिसन पोप या मानसोपचारतज्ज्ञानं १९९९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर मुलांच्या खेळण्यांची मोजमापं घेतली. ‘जी. आय. ज्यो’ हा सैनिकाचा बाहुला १९६० च्या दशकात साध्या माणसासारखा होता. पुढे तो फुगत गेला, इतका की नव्वदच्या दशकातला एक बाहुला खऱ्या माणसाएवढा केला तर त्याचा दंड २६ इंचांच्या वर भरला असता. सडपातळ माणसाची कंबर असते तेवढा! मुलींच्या बाहुल्यांवर तोवर भरपूर लिहून झालं होतं, मुलांच्या खेळण्यांकडे कुणी पाहिलं नव्हतं.

याच पोपनी २००० साली आणखी एक गमतीची गोष्ट दाखवली. अमेरिका, फ्रान्स आणि ऑस्ट्रियातल्या तरुणांना विचारलं, तुमच्या मते आदर्श पुरुषी शरीर कुठलं? त्यांनी निवडलेल्या चित्रात त्यांच्या स्वतःपेक्षा सुमारे १३ किलो जास्त स्नायू होते. बायकांना कुठलं आवडेल, याचा अंदाजही त्यांनी तसाच बांधला. बायकांना विचारल्यावर त्यांनी साध्या शरीराचा पुरुष निवडला. म्हणजे पोरं जी परीक्षा द्यायला रात्रंदिवस घाम गाळत होती, ती परीक्षा कुणी घेतच नव्हतं.

आरशात दिसणारा लुकडा

पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९३ मध्ये काही बॉडीबिल्डर असे आढळले, जे धिप्पाड होते पण स्वतःला बारीक समजत होते. उन्हाळ्यातही ढगळ कपडे घालायचे, अंग कुणाला दिसू नये म्हणून. ॲनोरेक्सिया या आजारात हाडं दिसणारी व्यक्ती स्वतःला जाड समजते. इथे उलटं होतं, म्हणून सुरुवातीला त्याला ‘उलटा ॲनोरेक्सिया’ म्हटलं गेलं. १९९७ मध्ये नाव बदलून ‘मसल डिसमॉर्फिया’ झालं आणि २०१३ पासून मानसोपचाराच्या डीएसएम-५ या निदानग्रंथात त्याची रीतसर नोंद आहे.

व्यायामाची आवड वेगळी आणि हे वेगळं. आवड असलेला माणूस जिम चुकली तर चुकचुकतो आणि पुढे जातो. या त्रासातला माणूस बहिणीच्या लग्नात जिम चुकते म्हणून अस्वस्थ होतो, हळदीच्या दिवशी डबा घेऊन वेगळा बसतो, दिवसातून वीसदा आरसा बघतो नाहीतर आरशाला तोंडच दाखवत नाही. दंड चौदा इंच झाला की पंधराचा ध्यास, पंधरा झाला की सोळाचा. आकडा वाढतो, समाधान येत नाही. काडीपैलवान म्हणून लहानपणी ऐकलेला शब्द आत तसाच राहिलेला असतो.

दुसऱ्या बाजूला खाणं तोडणारे पुरुषही असतात, आणि ते नेहमीच होते. इंग्रज वैद्य रिचर्ड मॉर्टन यानं १६८९ मध्ये अन्न टाकून झिजत गेलेल्या दोन रुग्णांचं वर्णन केलं. ॲनोरेक्सियाच्या पहिल्या नोंदींमध्ये ते धरलं जातं. त्यातली एक तरुणी होती आणि दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. पुढे तो मुलगा वैद्यकशास्त्राच्या आठवणीतून जवळपास गळाला. डीएसएमच्या १९९४ च्या आवृत्तीत ॲनोरेक्सियाच्या निकषांत सलग तीन पाळ्या चुकणं हा एक निकष होता. तो अर्थातच बायकांसाठी लिहिलेला, पण त्यावरून डॉक्टरच्या डोळ्यांसमोर रुग्ण म्हणून कोण उभं होतं ते कळतं. २०१३ मध्ये तो निकष काढला. मधल्या काळात, २००७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत ॲनोरेक्सिया कधीतरी होऊन गेलेल्यांत पुरुषांचं प्रमाण साधारण चारात एक निघालं. इतके पुरुष दवाखान्यात का दिसत नव्हते? एक तर ते जात नव्हते, आणि गेले तरी त्यांना कुणी जेवणाबद्दल विचारत नव्हतं.

एकादशी अन् दुप्पट खाशी

उपाशी राहिल्यावर पुरुषाच्या मनाचं काय होतं, याचा आजवरचा सर्वांत तपशीलवार प्रयोग पुरुषांवरच झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण निवडले. युद्धात हत्यार उचलायला नकार दिलेली ही मुलं स्वतःहून आली होती. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधायचं होतं. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १,६०० च्या आसपास कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावलं. वजन जवळपास पाव भाग उतरलं.

हा कॅलरीचा आकडा पुन्हा वाचा. आज मोबाइलवरचे कित्येक ‘फॅट लॉस प्लॅन’ उंचपुऱ्या तरुणाला याच्याही खाली उतरवतात.

त्या मुलांचं काय झालं? ती चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, लैंगिक इच्छा गेली. आणि मन अन्नाभोवती फिरायला लागलं. स्वयंपाकाचा कधी विचारही न केलेली मुलं पाककृती गोळा करायला लागली, ताटं चाटायला लागली, एकेक घास तास-तासभर खेळवायला लागली. प्रयोग संपल्यावर काहींना कितीही खाल्लं तरी भूक भागेना. ही मुलं आधी धडधाकट होती. उपासानंच त्यांना तसं केलं.

आपल्याकडे हे शास्त्र म्हणीत आहे: एकादशी अन् दुप्पट खाशी. सहा दिवस उकडलेलं आणि सातव्या दिवशी ‘चीट डे’ला एकट्यानं तीन माणसांचं जेवण, मग दोन तास पळणं, पुन्हा सहा दिवस उकडलेलं. हे चक्र मित्रांमध्ये कौतुकाचं असतं, पण अधाशासारखं खाणं, त्याची लाज वाटणं आणि ते जिरवण्यासाठी शरीराला शिक्षा करणं हे बुलिमियाचं वर्णन आहे. शिक्षा फक्त उलटी काढूनच केली जाते असं नाही, व्यायामानंही केली जाते. ज्या मुलाचं चीट डेचं ताट मित्रांच्या स्टेटसवर झळकतं, त्यानं नंतर काय केलं ते स्टेटसवर येत नाही.

मग ढेरीचं काय करायचं?

इथपर्यंत वाचून चाळिशीतला एखादा वाचक म्हणेल, हे पोरांचं झालं, माझी ढेरी तर खरीच आहे. बरोबर आहे. आणि त्या ढेरीवरचं महत्त्वाचं संशोधन आपल्या पुण्यातलं आहे.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आडनावांच्या आद्याक्षरांवरून हा ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून गाजला. हातापायांनी बारीक, आतून चरबीचा, असा हा भारतीय साचा. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये याज्ञिकांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास केला, त्यात दिसलं की हा साचा जन्मतःच तयार असतो. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी कमी पडली होती, चरबीनं त्या मानानं नाही.

याचा अर्थ दोन बाजूंनी लावायला हवा. काटकुळे पाय आणि पुढे आलेलं पोट हा आळसाचा दाखला नाही, त्यात आईला गरोदरपणात काय मिळालं याचाही वाटा आहे. म्हणून त्यावर हसण्यात शहाणपण नाही. पण ती ढेरी निरुपद्रवीही नाही. भारतीय पुरुषानं कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की साखर, रक्तदाब तपासून घ्यावा. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप इथे जास्त खरं बोलते.

ढेरीच्या चिंतेनं महाराष्ट्रात मोठी चळवळच उभी केली. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेल्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळच्या जेवणाची पद्धत पसरवली: कडकडून भूक लागेल त्या दोनच वेळा जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नको. दुसरीकडे ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळानं, आपल्या मातीतलं, तूप-भात-केळ्यासकट खा म्हणत होत्या. घराघरांत आणि व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन तट पडले. कोण बरोबर हा वाद इथे बाजूला ठेवू. मला त्यातली लक्षात राहणारी गोष्ट वेगळी वाटते. आयुष्यभर ‘वाढ अजून’ एवढंच जेवणाबद्दल बोललेले मराठी पुरुष पहिल्यांदा आपल्या पोटाबद्दल चारचौघांत बोलायला लागले. त्यांना डाएट हा शब्द बायकी वाटेनासा झाला, कारण तो मधुमेहाच्या नावानं आला. एक सावधगिरी मात्र हवी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा तोडल्या तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. आणि आधीच खाण्याच्या चक्रात अडकलेल्या बारीक तरुणाला ही पद्धत नको. ती त्याच्यासाठी सांगितलेलीही नाही.

डबा आणि सुई

दह्यावर साचणारं पाणी, पनीर केल्यावर उरणारं पाणी, म्हणजे निवळ. आपली आई ती कणकेत घालते. चीज करताना उरलेली हीच निवळ वाळवून, गाळून जी पावडर होते ती ‘व्हे प्रोटीन’. विष नाही आणि जादूही नाही. अडचण डब्यात काय आहे याची. २०२४ मध्ये भारतातल्या बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे ७० टक्क्यांवर छापलेला प्रोटीनचा आकडा खरा निघाला नाही. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठीच्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं स्पष्ट लिहिलं.

लागतं तरी किती? साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. जोरात व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.४ ग्रॅम किंवा थोडं जास्त, म्हणजे ८५ च्या आसपास. आता घरातला हिशोब: अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, मूठभर नव्हे पण वाटीभर, ५० ग्रॅम शेंगदाणे १२, ५० ग्रॅम डाळ ११, २०० ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकरी २० च्या वर. सत्तरी इथेच ओलांडली, राहिलेलं मूठभर सोयाबीन किंवा दुपारची मटकीची उसळ भरून काढते. ‘फुले त्रिवेणी’ ही दुधाळ संकरित गाय आणि ‘फुले संगम’ हे सोयाबीनचं वाण, दोन्ही राहुरीच्या विद्यापीठाची देन. तिथल्याच तालुक्यातल्या पोरानं दूध डेअरीला घालून, त्या पैशातून परदेशी नावाचा डबा आणावा, यातला विनोद फारसा हसू आणणारा नाही.

डब्यापर्यंत नुकसान खिशाचं असतं. सुईपासून ते शरीराचं होतं.

ॲनाबॉलिक स्टेरॉइड म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची कृत्रिम भावंडं. ती घेतली की स्नायू खरंच वाढतात, म्हणून तर मोह होतो. पण बाहेरून हार्मोन भरपूर येतंय म्हटल्यावर मेंदू वृषणांना निरोप पाठवणं थांबवतो. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. औषध थांबवल्यावर परत यायला महिने लागतात, काहींना वर्षं, आणि काहींचं पूर्ववत होतच नाही. जादा हार्मोनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि छातीला गाठी येतात. यकृत, हृदय, कोलेस्टेरॉल यांचे धोके वेगळेच. पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. तीन-चार वर्षांनी लग्न होतं, मूल होत नाही, आणि तपासण्या आधी सुनेच्या सुरू होतात. पुरुषी दिसण्यासाठी घेतलेल्या सुईची किंमत अशा वेळी दुसरंच कुणी मोजत असतं.

दुसरं औषध महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत वारंवार बातम्यांत आलं, ते मेफेंटरमाइन. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन वापरतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. तरी जिममध्ये ‘पंप’ यावा, दम लागू नये म्हणून ते विकलं जातं. पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनानं त्यावर कारवाया केल्या आहेत, भरतीच्या मैदानांवरही उत्तेजक इंजेक्शनं सापडल्याच्या बातम्या आल्या. ते स्टेरॉइड नाही, त्यानं स्नायू वाढत नाहीत. ते हृदयाला चाबूक मारतं. थकवा ही शरीराची सूचना असते, हे औषध ती सूचना बंद करतं. ठोके बिघडणं, सवय लागणं, भास होणं, संशय येणं, इथवर ते नेऊ शकतं.

घरच्यांनी काय बघायचं

वजन किती हे बघू नका, आयुष्य किती आकसलंय ते बघा. सणाच्या जेवणाला न बसणं, मित्र तुटणं, ताप असताना, पाय दुखावला असतानाही व्यायामाला जाणं, एक दिवस चुकला की घरात आदळआपट. जेवणावरून खोटं बोलणं. अचानक चेहऱ्यावर-पाठीवर मोठे फोड, एकदम चढणारा राग, खोलीत सिरिंज किंवा बिननावाच्या बाटल्या. महिन्याचा खर्च कुठे जातोय याचा पत्ता नसणं.

बोलताना ‘‘छान दिसतोयस की’’ हे वाक्य उपयोगी पडत नाही, त्याचा त्यावर विश्वास बसत नाही. ‘‘कशाला एवढं करतोस’’ तर मुळीच नको, तो म्हणेल तुम्हाला मेहनत कळत नाही. दिसण्याचा विषय काढूच नका. झोप लागते का, डोक्यात दिवसभर जेवणाचाच विचार असतो का, शेवटचं निवांत कधी बसलास, असं विचारा. मुलगे या प्रश्नांना उत्तर देतात. बहुतेक वेळा ते बाइकवर मागे बसून किंवा शेतात पाणी धरताना देतात, समोरासमोर बसवून नाही.

मदत दूर नाही. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते. लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही असते. मसल डिसमॉर्फियावर विचार आणि वागणूक बदलण्याची समुपदेशनाची पद्धत वापरली जाते, गरज पडली तर सोबत औषधं देतात.

आणि सुई घेऊन झाली असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. डॉक्टरला खरं सांगा, नाव, किती दिवस, सगळं. ते लपवलं तर रिपोर्ट चुकीचे वाचले जातात. स्टेरॉइड एकदम तोडल्यावर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन परत येईपर्यंत काही आठवडे-महिने मन खूप खाली जाऊ शकतं, जगावंसं न वाटण्यापर्यंतही. त्या काळात मुलाला एकटं सोडू नका, आणि एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे तपासणी त्याआधीच ठरवून घ्या. लग्न ठरत असेल तर वीर्यतपासणीही याच वेळी करून घ्यावी. साधी तपासणी आहे, आणि ती मुलाची आधी व्हावी.